कमानीचा खेळ

नायट्रेटची फिल्म एसटीने पाठवता येत नाही, म्हणून मलाच श्रीवर्धनला जावं लागलं. मूकपटांच्या काळातली ही फिल्म कापसासारखी पेट घेते आणि एकदा पेटली की पाण्यातही विझत नाही. पनवेलला आमची छोटी कार्यशाळा आहे. लोकांच्या घरातल्या जुन्या फिल्म आणि लग्नाच्या कॅसेट साफ करून संगणकावर उतरवायच्या, हे आमचं काम. माझा भागीदार शिवदास पनवेलला थांबला. फिल्म गुंडाळायची हाताची चाकं, दिव्याची पेटी आणि कॅमेरा मागच्या सीटवर टाकून मी माणगाव, म्हसळा करत निघाले.

बोलावणं दोन लांबच्या चुलतभावांचं होतं, गणराज आणि सुजित. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांना फिल्मचा एक डबा सापडला होता. त्यांच्या पणजोबांच्या काळात मुंबईचा कुणी सिनेमावाला तिथे उतरला होता आणि त्याने घरातल्याच दोघा भावांना घेऊन बंगल्यासमोरच्या हिरवळीवर एक विनोदी चित्रपट काढला होता, एवढं मला फोनवर कळलं होतं. लाकडी चेंडू लांब दांड्याच्या मोगरीने टोलवत तारेच्या कमानींतून न्यायचे आणि शेवटी खुंटीला लावायचे, असा साहेबांचा एक खेळ त्यात होता. घरात त्याला कमानीचा खेळ म्हणत.

श्रीवर्धनच्या अलीकडे सुपारीच्या वाड्या लागल्यावर मी रस्ता विचारायला थांबले. अंबाजी नावाचा म्हातारा रस्त्याकडेला सुपाऱ्या वाळत घालत होता. बंगल्याचं नाव काढल्यावर त्याने माझ्या गाडीतलं सामान बघून घेतलं.

"जावा," तो म्हणाला. "पन दोघांच्या मधी बसू नका. मानसं बरी न्हाईत ती."

बंगला जांभ्या दगडाचा, बसका, कौलारू. मधोमध रेघ मारल्यासारखा अर्धा पिवळा आणि अर्धा निळा रंगवलेला. पिवळ्या भागात गणराज एकटा राहायचा. त्याची बायको मुंबईला निघून गेली होती. निळ्यात सुजित आणि त्याची बायको तेजस्वी. समोर हिरवळ, तिच्या कडेला दगडी कुंपणाचा गडगा, गडग्यापलीकडे सुरूची झाडं आणि समुद्र. भांडण या हिरवळीचं होतं. गणराजला तिथे पर्यटकांसाठी तंबू लावायचे होते, सुजितला लग्नाचं लॉन करायचं होतं. त्यांच्या आजोबांपासून दावा चालू होता. घरात अशी समजूत होती की गणराजचे पणजोबा, थोरले मोरेश्वर, आणि सुजितचे पणजोबा, धाकटे रामचंद्र, यांनी तो खेळ हिरवळीसाठीच खेळला. जो जिंकेल त्याची जमीन. शेवटी काय झालं ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. म्हणून दोघांनी ठरवलं होतं की फिल्म बघायची, आणि तिच्यात जो जिंकला असेल त्याच्या वारसाला जमीन सोडून द्यायची.

मला हे पोरकट वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. मग गणराज मला म्हणाला, "ह्यांना सांगा, तुमची खोली मधल्या दालनात केलीय." सुजित त्याच्या शेजारीच उभा होता. तो मला म्हणाला, "मॅडम, त्यांना सांगा, मला दिसतंय." त्यांचं एकमेकांशी बोलणं असंच, तिसऱ्यामार्फत चालायचं. तिसरं कुणी नसेल तर काय करतात, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

मधल्या दालनाला समुद्राच्या बाजूला दोन मोठ्या खिडक्या होत्या. मी त्या सताड उघडल्या, काडीपेटी आणि उदबत्त्या बाहेर नेऊन ठेवायला सांगितल्या आणि डबा उघडला. फिल्म अपेक्षेपेक्षा चांगली होती. थोडी आखडलेली, कडांना पिवळी पडलेली, पण चिकटलेली नव्हती. मी ती एका चाकावरून दुसऱ्या चाकावर हळूहळू घेत दिव्याच्या पेटीवर बघू लागले.

मोरेश्वर उंच आणि काटकुळे, रामचंद्र बुटके आणि गोल. दोघांनी धोतरावर कोट घातलेले, डोक्यावर पगड्या. रामचंद्र चेंडू मारायला वाकतात, तेवढ्यात मोरेश्वर पायाने कमान सरकवतात. मोरेश्वर नेम धरतात, रामचंद्र त्यांच्या धोतराचा सोगा कमानीला बांधून ठेवतात. मग मोगरी चेंडूवर न बसता डोक्यावर बसते, पगडी मानेपर्यंत खाली येते, पगडीतला माणूस आंधळ्यासारखा फिरतो आणि जाऊन झाडावर आपटतो. त्या जागी मला हसू आलं. मोठ्याने आलं.

मागे वळून पाहिलं तर दारात तेजस्वी उभी होती. तिच्या हातात जेवणाचं ताट होतं. तिशीची, बारीक चणीची बाई. आल्यापासून ती माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"तुम्हाला हसू आलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, हसवण्यासाठीच केलेली फिल्म आहे. तिने ताट टेबलावर आदळल्यासारखं ठेवलं, पण जाताना माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. भूक लागलेला माणूस दुसऱ्याच्या पानाकडे पाहतो, तसं.

त्या दिवशी दोघे भाऊ वेगवेगळ्या दारांनी येऊन गेले. मोरेश्वरांनी कमान सरकवली तो तुकडा खराब झाला म्हणून काढून टाकता येईल का, असं गणराजने विचारलं. सुजितचं बोलणं आणखी सरळ होतं. रामचंद्र हरलेले निघाले तर ही फिल्म आपोआप पेटू शकते ना, तुम्हीच सांगितलंत, एवढं म्हणून तो थांबला. दोघांनाही मी सांगितलं की जे आहे ते सगळं उतरेल, आणि दोघांच्या बोलण्यात त्यानंतर मला उद्देशून एक थंडपणा आला. पाण्याचा तांब्या मागितला तर तो दोन्हीकडून आला नाही.

जसजशी पुढे गेले तसतशी फिल्म मला कमी गमतीची वाटायला लागली. असल्या चित्रपटांत मार खाणारा माणूस प्रेक्षकांकडे बघून डोळे फिरवतो. हे दोघे कॅमेऱ्याकडे एकदाही बघत नव्हते. ते एकमेकांकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात अभिनय नव्हता. एका चित्रात मोगरी रामचंद्रांच्या जबड्यावर बसताना स्पष्ट दिसत होती. जबडा वाकडा झाला होता. पुढच्या काही चित्रांत ते उठून उभे, जबडा जागच्या जागी. मधे फिल्म कापून जोडली असेल म्हणून मी भिंग लावून जोड शोधला. जोड नव्हता.

शेवटी मोरेश्वर खुंटीपाशी मोगरी उगारून उभे आहेत, चेंडू पायाशी आहे, रामचंद्र मागून धावत येताहेत. आणि तिथे चित्र संपून काळी पट्टी लागली होती. निकाल नव्हताच. मी एकेका चित्राचा फोटो घेतला आणि चाकं झाकून ठेवली. पट्टी किती उरली आहे ते नजरेनेच बघितलं होतं: बोटावर गुंडाळता येईल एवढी.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर त्या चाकावर बरीच फिल्म होती.

मी चूक केली असणार, असंच मला वाटलं. आतले वेढे घट्ट बसलेले असतील, मला अंदाज आला नसेल. मी पुढे गुंडाळत गेले. काळ्या पट्टीनंतर पुन्हा हिरवळ लागली. मोगरी उगारलेली होती, ती खाली आली. रामचंद्रांनी चेंडू उचलून कोटात टाकला. खेळ पहिल्या कमानीपासून पुन्हा सुरू झाला. पुन्हा काळी पट्टी, पुन्हा हिरवळ. आता पगड्या नव्हत्या. दोघे टोप्या आणि पाटलोणीत होते. उंच माणूस तितका उंच राहिला नव्हता आणि त्याला दाढी होती. ती दाढी मी आदल्या दिवशी गणराजच्या ओटीवर, हार घातलेल्या फोटोत पाहिली होती. ते त्याचे आजोबा.

मागे सुपारीची रोपं होती तिथे आता उंच झाडं होती. कोपऱ्यात विजेचा खांब आला होता.

मुंबईचा सिनेमावाला पुन्हा आला असेल, किंवा घरातल्याच कुणाकडे कॅमेरा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण फिल्म तीच होती. कडेचे छाप तेच, पिवळेपणा तोच, मधे जोड कुठेच नाही. मी फोटो घेत होते आणि घेतलेले फोटो लगेच लॅपटॉपवर बघत होते. पहिल्या काळ्या पट्टीनंतरचे सगळे फोटो काळे येत होते. कॅमेरा तपासला, ठीक होता. दिव्याच्या पेटीवर चित्र दिसत होतं आणि कॅमेऱ्यात उतरत नव्हतं.

मग एका चित्रात मला बंगल्याच्या कौलांवर प्लास्टिकची काळी टाकी दिसली.

मी खिडकीतून वाकून वर पाहिलं. फिल्ममध्ये दिसली तिथेच टाकी होती, तशीच, वर कंपनीचं नाव असलेली. मी उरलेली फिल्म पाहिली नाही. चाकं थांबवली, सामान भरलं. पर्समध्ये गाडीची चावी नव्हती. खोलीभर शोधली, गाडीपाशी जाऊन पाहिली, हिरवळीच्या कडेने चालत आले. तेजस्वी न्हाणीघराबाहेर कपडे वाळत घालत होती. तिला विचारलं तर म्हणाली, सापडेल, आधी त्यांना दाखवून टाका काय ते.

शिवदासला फोन केला. तो म्हणाला, दुसरी चावी घेऊन मी संध्याकाळपर्यंत पोचतो, तोवर गिऱ्हाइकांना उतरवलेलं दाखव आणि मोकळी हो. त्याच्या त्या नेहमीच्या आवाजाने मला बरं वाटलं.

दुपारी जेवणं झाल्यावर दोघे भाऊ मधल्या दालनात आले आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले. मी लॅपटॉप मधे ठेवला आणि पहिल्या काळ्या पट्टीपर्यंतची फिल्म लावली. पगडी मानेपर्यंत आली तेव्हा कुणी हसलं नाही. जबड्यावर मोगरी बसली तेव्हा सुजितने स्वतःचा गाल चोळला. मोरेश्वर मोगरी उगारून उभे राहिले, आणि पडदा काळा झाला.

"पुढे?" गणराजने विचारलं.

मी सांगितलं, एवढंच उतरलंय.

"म्हणजे खुंटीला लागणारच होता," गणराज म्हणाला. "त्याला सांगा, जिंकले आमचे."

"त्यांना सांगा," सुजित म्हणाला, "मागे कोण धावत येतंय ते बघा."

मी म्हटलं की निकाल नाही, वकिलांना तसं कळवा. ते माझं बोलणं ऐकत नव्हते. दोघे एकदमच उठले. भिंतीशी माळ्यावरून उतरवलेली ती ट्रंक होती, तिच्यात मोगऱ्या होत्या. त्यांनी एकेक उचलली. मला वाटलं आता इथेच मारामारी होणार आणि मी टेबलामागे सरकले. पण ते शहाण्या मुलांसारखे एकामागे एक दारातून बाहेर पडले आणि ओटा उतरून हिरवळीवर गेले.

मी खिडकीशी गेले.

ऊन लख्ख होतं. लांब कुठल्यातरी वाडीत पंप चालू होता. सुरूंतून वारा येत होता, समुद्राची गाज होती, कावळे ओरडत होते. हिरवळीवर कमानी रोवलेल्या होत्या. सकाळी मी तिथून चालत आले तेव्हा नव्हत्या.

गणराजने चेंडू टोलवला. सुजितने पायाने कमान सरकवली. गणराजने वळून मोगरी त्याच्या कपाळावर घातली.

आवाज आला नाही.

पंपाचा येत होता, कावळ्यांचा येत होता. मोगरी कपाळावर बसल्याचा आला नाही, सुजित पडल्याचा आला नाही. तो ताठच्या ताठ मागे पडला, पाय वर झाले, आणि लगेच उठून उभा राहिला. त्याच्या कपाळावर काही नव्हतं.

ते चालत होते ते माणसं चालतात त्याहून थोडं भरभर होतं. हात, माना, पापण्या, सगळं थोडं भरभर.

मी धावत ओट्यावर आले. ओरडले. माझा आवाज मला नीट ऐकू आला. त्यांच्यातल्या कुणीही वळून पाहिलं नाही. मी पायरी उतरणार, तोच तेजस्वीने माझा दंड धरला. ती ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"मधे जाऊ नका," ती म्हणाली. "माझे सासरे गेले होते मधे."

सुजितची मोगरी गणराजच्या तोंडावर बसली. त्याचं तोंड एका बाजूला गेलं आणि परत आलं.

"मरतील ते," मी म्हटलं.

"मरत नाहीत. तेच तर." तिचा आवाज अगदी सपाट होता. "कुणी हसलं की थांबतात. नाही हसलं तर चालूच राहतं. मागे एकदा रात्र झाली, पहाट झाली. आमच्या सासूबाई हसायच्या. त्या गेल्या, मग मी. पहिल्यांदा मला खरंच हसू आलं होतं. नवीन लग्न होतं, मला वाटलं दोघे गंमत करतायत. आता येत नाही. किती केलं तरी येत नाही."

ती माझ्याकडे वळली.

"काल तुम्ही हसलात ते मी ऐकलं. तुमची चावी माझ्याकडे आहे."

मी तिचा हात झटकला. मला तिचा इतका राग आला होता की क्षणभर हिरवळीकडे माझं लक्षच नव्हतं. मग पुन्हा लक्ष गेलं. सुजित गुडघ्यावर होता आणि गणराजची मोगरी खाली, वर, खाली, वर.

मी हसायचा प्रयत्न केला. घशातून खाकरल्यासारखं काहीतरी निघालं.

"असं नाही चालत," तेजस्वी म्हणाली.

मी पुन्हा केलं. ती मान हलवत राहिली.

गणराजने मोठा घाव घालायला मोगरी पाठीमागे नेली. सुजितने बसल्या बसल्या त्याची लेंग्याची नाडी ओढली. लेंगा घोट्याशी आला. गणराज स्वतःच्याच जोराने गर्रकन फिरला, एका पायावर उड्या मारत गेला आणि गडग्यावर पोटावर आडवा पडला. त्याचे दोन्ही पाय हवेत सायकल मारल्यासारखे हलत राहिले.

मला हसू आलं.

खोटं नाही. आतून, पोटातून आलं. मी खांबाला धरून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता मला दिसत होतं की सुजित मोगरी घेऊन त्याच्या मागे जातोय आणि आता त्याच्या पाठीचा कणा मोडणार आहे, आणि तेही मला मजेशीर वाटत होतं.

सुजित थांबला.

एकदम आवाज आले. गवताची सळसळ, दोघांची धाप. गणराज गडग्यावरून उतरला, लेंगा बांधला. दोघांनी मोगऱ्या गवतावर ठेवल्या. कमानी दिसत नव्हत्या. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. ओट्याशी आल्यावर सुजित बायकोला म्हणाला, चहा टाक, आणि गणराज मला म्हणाला, "बाई, वकिलांना कळवू म्हणता तुम्ही? बरं." बोलताना त्याचे दात दिसले. सगळे जागेवर होते.

माझं हसू अजून पुरतं ओसरलं नव्हतं. मी तोंडावर हात दाबून उभी होते.

तेजस्वीने चहा टाकला नाही. तिने आतून केरसुणी, सुपली आणि एक स्टीलची वाटी आणली आणि हिरवळीवर उतरली. रोजचं काम असावं तशी ती वाकून गवत झाडायला लागली. झाडताना सुपलीत काहीतरी खडखडत होतं. मी पायरी उतरून जवळ गेले.

दात होते. मोठे, पिवळे, काही मुळासकट, काही अर्धे तुटलेले. एकावर सोन्याची टोपी होती. तशी टोपी त्या दोघांपैकी कुणाच्याही तोंडात नव्हती. ती एकेक उचलून वाटीत टाकत होती.

"दर वेळी?" मी विचारलं.

तिच्या बोटांत एक दात होता, तांदळापेक्षा थोडा मोठा, पांढराशुभ्र. तो तळहातावर ठेवून ती कितीतरी वेळ पाहत राहिली.

"हा दुधाचा आहे," ती म्हणाली.

तिला मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. क्रांती तिचं नाव. पालीला आजोळी असते. या घरात तिला बारशालासुद्धा आणलं नव्हतं, सुजित कितीदा भांडला तरी. मुलगीच आहे, ती यातून सुटेल, असं सगळे म्हणायचे, आणि तरीही आणलं नव्हतं. हे सांगता सांगता तिने माझी चावी काढून माझ्या हातात ठेवली आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

तिच्या आईचा आवाज मला नीट ऐकू आला. आई म्हणाली, तुलाच लावत होते. मघाशी क्रांती अंगणात पडली गं. एकटीच होती, कुणी ढकललं नाही. कुठे लागलेलं नाही. तोंड उघडून बघितलं, दात सगळे आहेत.

"मग?" तेजस्वी म्हणाली.

"अगं, रडतेय. इतकं मोठं तोंड करून रडतेय. पण आवाज येत नाही तिचा."

तेजस्वी गवतावरच खाली बसली. दात तिने मुठीत घट्ट धरला होता.

"फोन तिच्या कानाला लाव," ती म्हणाली. "आणि काढू नको."

पलीकडे फोन सरकल्याचा खरखराट झाला. तेजस्वीने डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि हसायला लागली. छान, मोकळं, लहान मुलांना आवडतं तसं हसत होती. मधेच थांबायची, फोन कानाशी दाबून मुलीचा आवाज येतो का ते ऐकायची, आणि पुन्हा हसायची.